नकाशावरची मराठी नावं: फॉन्ट कोणता, रंग कोणता?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरात भूगोलात एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन नकाशे केले आहेत. पहिला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी, शहरातल्या ६८ शिवलिंगांचा. त्याचा फ्लेक्स होम मैदानाजवळ लावायचा आहे. दुसरा प्रबंधासाठी, जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांचा. ती लिहिते, "सर, जागा बरोबर आहेत, रस्ते बरोबर आहेत, पण नावं वाचवत नाहीत. फॉन्ट पाच वेळा बदलला, रंगही बदलले. कोणता फॉन्ट घेऊ आणि कोणते रंग?"

तुमच्या दोन्ही पीडीएफ मी आधी स्क्रीनवर पाहिल्या. मग ए-३ कागदावर छापून भिंतीला लावल्या आणि चार पावलं मागे जाऊन पाहिल्या. मेहनत दिसते. सिद्धेश्वर तलावाचा आकार, भुईकोटाची तटबंदी, पेठांच्या हद्दी सगळं नीट उतरलंय. गडबड नावांतच आहे, पण ती केवळ फॉन्ट बदलून सुटणारी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ज्या पुस्तकांतून नकाशाशास्त्र शिकलात ती इंग्रजी नकाशांवर बेतलेली आहेत. तिथले नियम तुम्ही प्रामाणिकपणे पाळलेत: प्रदेशाचं नाव अक्षरं लांब-लांब ठेवून पसरायचं, नदीचं नाव तिरकं लिहायचं, मोठी गावं कॅपिटलमध्ये घ्यायची. ही तीन हत्यारं रोमन लिपीची. आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीतच. तिरकं वळण परंपरेत नाही. आणि अक्षरं लांब करायला शिरोरेषा परवानगी देत नाही. मग लहान-मोठं, गाव-नदी, मुख्य-गौण हे सांगायला आपल्या हातात उरतं काय? अक्षराचा आकार, त्याची जाडी, रुंदी, फॉन्टची जात आणि रंग. एवढ्या सामग्रीत उत्तम नकाशा होतो, पण मांडणी पहिल्यापासून देवनागरीचा विचार करून करावी लागते.

तुमच्या जिल्ह्याच्या नकाशातलं मंगळवेढा बघा. तालुकाभर नाव पसरावं म्हणून तुम्ही अक्षरांतलं अंतर वाढवलंत. झालं काय, तर शिरोरेषा तुटली आणि 'मं ग ळ वे ढा' असे पाच तुकडे पडले. प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळं छप्पर. वाचणारा एक-एक अक्षर जुळवत बसतो, तोवर मधल्या एखाद्या गावाचं नाव त्यात घुसतं. दक्षिण सोलापूरच्या लेबलात तर 'क्षि'ची वेलांटी एकीकडे आणि 'ण' दुसऱ्याच गावाच्या डोक्यावर आलाय. देवनागरीत अक्षरांतलं अंतर वाढवायचं नाही, हा नियम मी कुठल्याही अपवादाशिवाय पाळतो. नाव मोठ्या क्षेत्रावर पसरल्यासारखं वाटायला हवं असेल तर रुंद वळणाचा फॉन्ट घ्या, आकार वाढवा आणि रंग फिका करा. 'अनेक देवनागरी' हा 'एक टाइप' या संस्थेने केलेला फॉन्ट याला फार उपयोगी पडतो. त्यात जाडीबरोबर रुंदीही कमी-जास्त करता येते. तालुक्याचं नाव त्याच्या रुंद वळणात, मोठं, पण फिकट करड्या रंगात टाकलंत की ते मागच्या थरात जाऊन बसतं. गावांची नावं त्याच्यावरून निवांत वाचता येतात. दोन शब्दांच्या नावात, म्हणजे उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर यांत, शब्दांमधलं अंतर मात्र हवं तेवढं वाढवा. तिथे काही तुटत नाही.

आता तिरकी अक्षरं. भीमा, सीना, माण ही नावं तुम्ही सॉफ्टवेअरकडून वाकवून घेतलीत. बहुतेक देवनागरी फॉन्टांत तिरकं वळण आखलेलंच नसतं, सॉफ्टवेअर सरळ अक्षर ढकलून आडवं करतं. काना कलतो, मात्रा शेजारच्या अक्षरावर जाते, 'सी'ची वेलांटी 'ना'वर टेकते. पाण्याचं नाव वेगळं दिसावं ही तुमची इच्छा योग्य आहे, ती जुनी आणि चांगली प्रथा आहे. पण तो वेगळेपणा फॉन्टच्या जातीतून आणा. गावं एकसारख्या जाडीच्या सरळ फॉन्टमध्ये असतील, तर पाण्याला पुस्तकी वळणाचा, जाड-बारीक रेघांचा फॉन्ट द्या. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मला यासाठी आवडतो. निळा रंग आणि वेगळी जात, एवढ्यावर डोळा ओळखतो की हे गाव नव्हे, पाणी आहे.

नदीचं नाव प्रवाहाच्या वळणावर वाकवण्याचा मोहही आवरा. सॉफ्टवेअर लेबल वाकवताना प्रत्येक अक्षर वेगळ्या कोनात ठेवतं, आणि शिरोरेषेला तिथे सांधे दिसू लागतात, जुनी नळाची जोडणी दिसावी तसे. नदीचा जरा सरळ टप्पा शोधा, नाव तिथे ठेवा. भीमेला उजनीपासून खाली तसे तीन-चार टप्पे सहज मिळतात. लांब नदीचं नाव दोनदा-तीनदा यायलाच हवं. पंढरपुराजवळ त्याच निळ्यात, थोड्या लहान अक्षरांत 'चंद्रभागा' लिहा. वारकऱ्याला तिथे 'भीमा' वाचून आपण नेमके कुठे आहोत ते कळत नाही.

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात, तिथे तुमची तिन्ही नावं एकमेकांत अडकली आहेत. ही जागा मराठी माणसाने विशेष जपून लिहावी अशी आहे. सर्वांत जुना मानला जाणारा मराठी शिलालेख तिथल्या देवळात आहे, शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा. संगमाच्या बेचक्यात गावाचं नाव ठेवू नका. दोन्हीकडून नदीच्या रेघा त्याला कापतात. नाव संगमाच्या बाहेरच्या बाजूला घ्या आणि नद्यांची नावं वर, संगमापासून बरीच लांब सरकवा.

फॉन्ट निवडायची माझी पद्धत सांगतो. फॉन्टच्या नमुनापत्रकात काय लिहिलंय ते मी पाहत नाही. आपल्याच जिल्ह्यातली आठ-दहा नावं घेतो, ज्या आकारात छापायची त्याच आकारात कागदावर काढतो. माझी यादी ठरलेली आहे: तिऱ्हे, मंद्रूप, कुर्डुवाडी, अक्कलकोट, हिप्परगा, सिद्धेश्वर, माळशिरस, हत्तरसंग. प्रत्येक नाव फॉन्टची एक वेगळी परीक्षा घेतं. मंद्रूपमध्ये वर अनुस्वार, खाली 'द्र' आणि त्यालाच दीर्घ उकार. लहान आकारात ते गोळा होतंय का पाहायचं. सिद्धेश्वरमधला 'द्ध' जुन्या वळणाचा एकात एक असेल तर आठ पॉइंटला त्याचा काळा ठिपका होतो. अक्कलकोट आणि हिप्परगा यांत जोडाक्षर एकाखाली एक मांडलंय की आडवं, हे पाहायचं. नकाशासाठी आडवं बरं, कारण उंची वाढत नाही. माळशिरसमध्ये 'ळ'ची पोकळी उघडी राहते का आणि 'श' मराठी वळणाचा आहे का, ते तपासायचं.

तिऱ्हे तर माझं लाडकं नाव. त्यातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा आडवा यायला हवा. तुमच्या नकाशात 'तिर्हे' छापलंय, 'ह'च्या डोक्यावर रफार. हा दोष फॉन्टचा नाही, तुमच्या ॲट्रिब्यूट टेबलमध्येच, म्हणजे नकाशामागच्या माहितीच्या तक्त्यातच, नाव चुकीचं टाइप झालंय. साध्या 'र'ऐवजी खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यायचा, मग हलन्त, मग 'ह'. तिऱ्ह्याचा माणूस नकाशावर पहिल्यांदा स्वतःचं गाव शोधतो. ते अशुद्ध दिसलं की बाकीच्या नकाशावरचा त्याचा विश्वास तिथेच संपतो. म्हणून लेबलं लावण्याआधी टेबलमधला नावांचा रकाना एकदा डोळ्यांत तेल घालून वाचा. इंग्रजी यादीवरून लिप्यंतर केलेल्या नावांत 'ळ'चा 'ल' झालेला असतो, 'ण'चा 'न' झालेला असतो. मोहोळचं मोहोल झालेलं मी कितीदा तरी पाहिलंय.

'ल' आणि 'श' यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी आहेत, तसंच ५, ८, ९ या अंकांचंही. काही युनिकोड फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही. हे तपासायला पाच मिनिटं लागतात आणि नकाशा आपल्या घरचा वाटू लागतो.

तुम्ही सध्या वापरलेला मंगल हा फॉन्ट स्क्रीनवरच्या मजकुरासाठी ठीक आहे, पण त्यात साधं आणि ठळक एवढ्या दोनच जाड्या मिळतात. आपल्याला कॅपिटल आणि तिरकं नसल्यामुळे जाडीच्या पायऱ्या जास्त लागतात. मुक्ता या फॉन्टमध्ये सात जाड्या आहेत, हिंद या फॉन्टमध्ये पाच. नोटो सान्स देवनागरीही भरवशाचा. मी तुमच्या जागी असतो तर गावं-रस्ते-पेठांसाठी मुक्ता आणि पाण्यासाठी टिरो, बस. शीर्षकाला तिसरा सजावटी फॉन्ट घ्यायचा मोह होईल, पण मुक्ताचंच सर्वांत जाड वळण शीर्षकाला उत्तम दिसतं.

पायऱ्या ठरवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. डोळ्याला एक पॉइंटचा फरक कळत नाही. तुमच्या नकाशात ९, ९.५, १० आणि ११ असे चार आकार आहेत आणि लांबून चारही सारखे दिसतात. ए-३ आकाराच्या जिल्हा नकाशासाठी मी असं बसवीन: सोलापूर १५ पॉइंट ठळक, तालुक्याची ठिकाणं ११ पॉइंट अर्धठळक, बाजाराची मोठी गावं ९ पॉइंट मध्यम, बाकीची गावं ८ पॉइंट साधी. आठच्या खाली जायचं नाही. इंग्रजी नकाशात सहा पॉइंट चालतात हे खरं, पण देवनागरीत त्याच मापात वरच्या मात्रा आणि खालचे उकार बसवायचे असल्यामुळे मधलं अक्षर लहान होतं. गावं फार झाली आणि आठ पॉइंटमध्ये मावत नाहीत, तर गावं कमी करा. प्रबंधाच्या विषयाला नको असलेलं प्रत्येक नाव हवं असलेल्या नावाची जागा खातं.

जागेवरून आठवलं. गावाच्या ठिपक्याच्या वर उजवीकडे नाव ठेवावं, हा स्विस नकाशाकार एडुआर्ड इम्होफ यांच्यापासून चालत आलेला सल्ला सॉफ्टवेअरमध्येही भरलेला असतो, आणि तो आपल्यालाही लागू पडतो. पण ठिपका आणि नाव एका रेषेत घेताना सॉफ्टवेअर रोमन अक्षराच्या तळरेषेचा हिशोब करतं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. त्यामुळे कुर्डुवाडीचं लेबल वर उडालेलं आणि बार्शीचं खाली बसलेलं दिसतं. ठिपक्याचा मध्य अक्षराच्या पोटाशी जुळवा, मात्रा-उकार विसरून जा. अनुस्वारावरही नजर ठेवा. पंढरपूर, सांगोला, मंद्रूप यांच्यावरचे अनुस्वार आणि लहान गावांचे काळे ठिपके तुमच्या नकाशात एकाच मापाचे आहेत. सांगोल्याच्या डोक्यावर मला एक नसलेलं गाव दिसलं. गावाचा ठिपका पोकळ वर्तुळ करा, गोंधळ संपतो.

रस्त्यांच्या नावाचीही अशीच एक अडचण आहे, ती इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही. होटगी रोड, अक्कलकोट रोड ही नावं तुम्ही रस्त्याच्या रेघेखाली चिकटवून ठेवलीत. रस्त्याची रेघ आणि शिरोरेषा समांतर आल्या आणि रस्ता दुपदरी झाल्यासारखा दिसतो. वर ठेवाल तर 'पुणे'चा उकार रस्त्यात रुततो. नाव रेघेपासून निदान अर्ध्या अक्षराइतकं लांब ठेवा. शहराच्या नकाशात रस्ता रुंद पट्ट्याने दाखवून नाव त्याच्या आत घालता आलं तर सर्वांत छान. राष्ट्रीय महामार्गांना नावं देऊच नका, ढालीत ६५ आणि ५२ एवढं लिहा.

आता रंग. तुमच्या नकाशात अक्षरांचे आठ रंग मोजले. मी चारावर थांबतो. गावं, पेठा, रस्ते गडद करडे, जवळपास काळे. पाणी निळं. टेकड्या आणि उंचीचे आकडे तपकिरी. नान्नजचं माळढोक अभयारण्य आणि तत्सम गडद हिरव्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर, म्हणजे सविस्तर भूनकाशावर, हीच वाट आहे: पाणी निळं, समोच्च (समान उंचीच्या) रेषा तपकिरी, झाडी हिरवी. सोलापूर शहराची जुनी ४७ ओ/१४ ही शीट तुमच्या भूगोल विभागाच्या ग्रंथालयात असेल तर तासभर घेऊन बसा. त्या रंगांची सवय आपल्या डोळ्यांना आधीच झालेली आहे, ती मोडून काही मिळत नाही.

पण रेघेचा निळा आणि अक्षराचा निळा एकच ठेवू नका. ही चूक तुमच्याकडून झालीय आणि जवळजवळ प्रत्येकाकडून होते. रंग जितक्या बारीक आकारात येतो तितका तो फिका आणि मळका दिसतो. उजनीच्या जलाशयावर पसरलेला निळा छान वाटतो, तोच 'सीना' या दोन अक्षरांत आला की विरून जातो. तुमच्या नदीचा निळा आरजीबीत, म्हणजे लाल-हिरवा-निळा या मापांत, १२०, १७०, २१० आहे. पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, साधारण अडीचास एक येतो. वेबवरच्या मजकुरासाठी साडेचारास एक हे किमान मानतात, आणि कागदावरही मी तेच माप धरतो. रेघ तशीच राहू द्या, अक्षराला २०, ८०, १३० द्या. पांढऱ्यावर ते आठाच्या वर जातं. उजनीच्या फिक्या निळ्या पाण्यातही ते स्पष्ट राहील. करड्याचंही तसंच. पांढऱ्यावर ७६७६७६ या कोडच्या करड्यापेक्षा फिकी अक्षरं वाचण्यासाठी ठेवायची नाहीत. तालुक्याचं मोठं मागचं नाव हा अपवाद, कारण ते मोठं आहे आणि जाडही.

लाल रंग मी एका नकाशात एकाच गोष्टीला देतो. तुमच्या शहराच्या नकाशात लिंगांची ६८ नावं लाल, बाजारपेठा लाल आणि दवाखान्यांची चिन्हंही लाल. मग यात्रेकरूने पाहायचं काय? लाल फक्त लिंगांच्या चिन्हाला ठेवा, नाव जिथे येईल तिथे गडद करडं. शिवाय हिरव्या बागेवर लाल अक्षरं कधीच नको. लाल-हिरवा नीट वेगळा न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, आपल्या आजूबाजूला पुष्कळ असतात, आणि त्यांना ते नाव बागेत बुडालेलं दिसतं.

प्रबंधाच्या जिल्हा नकाशातल्या पावसाच्या छटांबद्दल. सर्वांत गडद छटेवर काळं नाव वाचवेना म्हणून तुम्ही तिथली तालुक्यांची नावं पांढरी केलीत. आता वाचकाला वाटतं की पांढऱ्या नावाच्या तालुक्यांत काही वेगळं आहे. छटांची मालिकाच अशी निवडा की शेवटची छटाही काळं अक्षर पेलेल. कलरब्रूअर या नकाशांसाठी रंगछटा सुचवणाऱ्या साधनाच्या मालिकांतली शेवटची गडद पायरी सोडून दिली तरी काम भागतं.

आता नावामागचा बफर, म्हणजे अक्षरांभोवतीची रंगाची कड. तुम्ही पांढराशुभ्र आणि जाड बफर दिलात, त्यामुळे प्रत्येक नाव चिठ्ठी चिकटवल्यासारखं दिसतं आणि त्याखालचे रस्ते, हद्दी तुटतात. बफरचा रंग जमिनीच्या रंगाइतकाच ठेवा, आणि जाडी अक्षर मागच्या रेघेपासून सुटेल एवढीच. ए-३ वर मी पाव ते अर्धा मिलिमीटर देतो. देवनागरीला तो थोडा जास्त लागतो हे खरं, कारण मागून जाणारी आडवी रेघ शिरोरेषेत मिसळते. पण बफर वाढवण्याआधी नाव हलवून पहा. दहापैकी सात वेळा तेवढ्याने काम होतं. उपग्रहचित्रावर नावं टाकायची असतील तर चित्रावर एक पातळ पांढरट पडदा ओढा, सत्तर टक्के नावांना बफरची गरजच उरत नाही.

छपाईबद्दल एक अनुभव सांगतो, कारण हे तुमच्याकडून होऊ नये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी तालुक्याचा नकाशा केला होता. पाचशे प्रती. पीडीएफ माझ्या संगणकावर निर्दोष होती. छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता आणि त्याने दुसराच लावला. कुर्डुवाडीतला रफार सुटून पुढे गेला, 'डु'चा उकार वेगळा पडला, सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उलट्या बाजूला. गठ्ठे घरी आले तेव्हा पाहिलं. पाचशेच्या पाचशे पुन्हा छापून दिल्या. तेव्हापासून क्यूजीआयएसच्या लेआउटमधून पीडीएफ काढताना अक्षरं पाथ म्हणून, म्हणजे फॉन्टऐवजी रेघांचे आकार म्हणून, एक्स्पोर्ट करण्याचा पर्याय तपासल्याशिवाय मी फाइल देत नाही, आणि मशीनवरची पहिली प्रत स्वतः उभं राहून वाचतो. काळ्या अक्षरांचंही छापखान्यात विचारून घ्या. क्यूजीआयएसमधून सहसा आरजीबी फाइल निघते, आणि ऑफसेटला जाताना काळा रंग चार शाईंत विभागला जातो. प्लेट केसभर सरकली की आठ पॉइंटच्या अक्षराला रंगीत सावली येते. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत हवीत, असं स्पष्ट सांगा.

प्रबंधाच्या नकाशाची साधी झेरॉक्स काढून पहा. आपल्याकडे नकाशा एकदा कार्यालयात गेला की पुढचा सगळा प्रवास झेरॉक्सनेच होतो. फिका निळा तिथे अदृश्य होतो आणि लाल-हिरवा एकाच करड्यात जातात. झेरॉक्सवरही गाव, पाणी आणि हद्द वेगळी कळली, तर तुमच्या जाडीच्या आणि फॉन्टच्या पायऱ्या नीट बसल्यात.

राहिला यात्रेचा फ्लेक्स. सहा फूट बाय चार फूट. फलकासाठी जुना ठोकताळा आहे: दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. गर्दीत माणूस पंधरा फुटांवरून पाहणार, म्हणजे दीड इंच, आणि ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, मात्रा-उकार सोडून. बाळीवेस आणि उत्तर कसब्यातली लिंगं इतकी जवळजवळ आहेत की दीड इंची नावं तिथे मावणं शक्य नाही. म्हणून नकाशावर नावं घालूच नका. लिंगाच्या जागी लाल वर्तुळात दीड इंचाचा पांढरा अंक, आणि नावांची यादी बाजूला. यादी वाचायला माणूस पुढे सरकतो, पाच फुटांवर येतो, तेव्हा तिथे अर्ध्या इंचाचं अक्षर पुरतं. एक इंचाला एक ओळ धरली तर दोन रकान्यांत प्रत्येकी ३४ ओळी, ३४ इंच. चार फुटांत शीर्षकासह आरामात बसतं.

वर्तुळांतले अंक मात्र इंग्रजी वळणाचे घ्या. मराठीचा आग्रह मलाही आहे, प्रबंधात देवनागरी अंकच हवेत. पण गड्ड्याला कर्नाटकातून, तेलंगणातून माणसं येतात, आपल्या शहरातही घरोघरी कन्नड आणि तेलुगू बोलली जाते, आणि त्यातल्या अनेकांना देवनागरी ६ आणि ९ अडखळायला लावतात. जमलं तर यादीत प्रत्येक नावापुढे, त्याच ओळीत, कन्नड आणि तेलुगू नावही द्या. इथेही 'अनेक' कामाला येतो. त्याच कुटुंबात कन्नड आणि तेलुगू फॉन्ट आहेत, त्यामुळे तिन्ही लिप्या एका हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. मराठी मध्यम जाडीत, बाकी दोन त्याच जाडीत पण किंचित लहान. तिन्हींना वेगळे रंग देऊ नका. ६८ लिंगं ही सगळ्यांची आहेत, एका भाषेचं अक्षर फिकं झालं की ते त्या माणसाला लगेच कळतं.

नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीचा मार्ग जाड केशरी पट्ट्याने दाखवलात ते छान आहे. त्यावर दिशेचे बाण पांढरे करा, काळे केलेत तर ते वर्तुळांशी भांडतात. आणि हा फलक रात्रीही वाचला जाणार. यात्रेतल्या पिवळ्या दिव्यांखाली निळा काळवंडतो आणि तपकिरी-लाल एक होतात. छापायला टाकण्याआधी ए-३ची एक प्रत घेऊन संध्याकाळी सात वाजता 'सात रस्ता' चौकात एखाद्या पिवळ्या दिव्याखाली धरून पहा. सोबत घरातलं कुणीतरी वयस्क माणूस न्या, चष्म्यासकट. त्यांना सिद्धेश्वर तलावापासून सुरुवात करून चौथ्या लिंगापर्यंत बोटाने जायला सांगा. बोट जिथे थांबेल ते लेबल दुरुस्त करा आणि मगच मला नवी पीडीएफ पाठवा.